संगणक-समूहातील आरक्षण

संगणक-समूहातील आरक्षण : परस्परांस जोडलेल्या अनेक संगणकांपैकी काही संगणक विशिष्ट व्यक्तींसाठी, संस्थांसाठी अथवा विशिष्ट प्रकारच्या कामासाठी राखून ठेवण्याची व्यवस्था. अशा समूहास व्यवहारात क्लस्टर आणि त्यातील प्रत्येक संगणकास नोड असे म्हणतात. समूहाची शक्ती सर्वांसाठी खुली ठेवल्यास तिचा पुरेपूर वापर होतो. परंतु एखाद्यास ती हव्या त्या क्षणी मिळेलच, अशी शाश्वती राहत नाही. उलट काही नोड राखून ठेवल्यास शाश्वती मिळते. परंतु ते रिकामे राहिले, तर इतरांना रांगेत तिष्ठत बसावे लागते. शाश्वती आणि पूर्ण वापर यांतील हा विरोध हा या विषयाचा गाभा होय. महासंगणक बहुधा सार्वजनिक पैशातून उभारले जात असल्याने आरक्षण कोणी, कोणासाठी आणि किती काळ करावे, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. तो न्याय्य वाटपाचाही प्रश्न ठरतो. मुंबई व तिची उपनगरे येथे या प्रश्नाची बहुतेक सर्व रूपे गेल्या सहा दशकांत आढळून आली आहेत.

पार्श्वभूमी : संगणक-समूह अस्तित्वात येण्यापूर्वी आरक्षण होते ते यंत्राचे नव्हे, तर वेळेचे. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत र. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये रीतसर कार्यान्वित झाला. त्याची जागा १९६४ मध्ये अमेरिकेच्या साहाय्याने आलेल्या कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनच्या ३६०० या यंत्राने घेतली. या यंत्राचा लाभ संस्थेबाहेरील विद्यापीठांना व प्रयोगशाळांनाही मिळत असे. पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेस सोव्हिएट रशियाकडून प्रथम मिन्स्क-२ व १९७० नंतरच्या दशकात ईसी-१०३० हे संगणक मिळाले. या काळात यंत्र एक आणि मागणी अनेकांची, अशी स्थिती असे. आज्ञावली पत्रांवर छिद्रित करून त्यांचा गठ्ठा संगणक-केंद्राच्या खिडकीवर द्यावयाचा आणि छापील उत्तर काही तासांनी वा दुसऱ्या दिवशी घ्यावयाचे, असा परिपाठ होता. लहान कामे दिवसा व दीर्घ गणिते रात्री करावयाची, ही आरक्षणाची सर्वांत जुनी आणि सुबोध पद्धत होय. तिच्यात न्याय राखण्याचे काम वेळापत्रक व ते सांभाळणारा कर्मचारी यांच्याकडे असे.

एकाच यंत्राचा वेळ अत्यंत लहान तुकड्यांत विभागून अनेकांना एकाच वेळी वापरू देण्याची कालविभाजन-पद्धती अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत फेर्नांदो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये प्रत्यक्ष करून दाखविली. तीमुळे खिडकीवरील रांग कमी झाली. परंतु वाटपाचा प्रश्न मिटला नाही, तो माणसाकडून आज्ञावलीकडे सोपविला गेला एवढेच. कोणाच्या कामास अग्रक्रम द्यावयाचा, हे नियम आता यंत्राच्या आत लिहिले जाऊ लागले. साहजिकच ते सामान्य वापरणाऱ्याच्या दृष्टीआड गेले.

समूहांचा उदय : आरक्षण बाहेरूनही लादले जाऊ शकते, याचा अनुभव भारतास १९८० नंतरच्या दशकात आला. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी हवा असलेला क्रे कंपनीचा महासंगणक अमेरिकेने दिला नाही. दिल्ली येथील मध्यम पल्ल्याच्या हवामान-अंदाज केंद्रासाठी त्याहून कमी शक्तीचे क्रे एक्स-एमपी/१४ हे यंत्र मात्र त्या दशकाच्या अखेरीस देण्यात आले, तेही त्याचा वापर हवामानविषयक कामापुरता मर्यादित राहील, अशा अटींवर. म्हणजे संपूर्ण यंत्रच एका कार्यासाठी राखीव होते आणि ते राखून ठेवणारा त्याचा मालक नव्हता. या परिस्थितीतूनच १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले व विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. त्याच वर्षी तुर्भे म्हणजेच ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘अनुपम’ या मालिकेस प्रारंभ झाला. तिच्यातील पहिल्या यंत्रात इंटेलच्या आय-८६० या प्रक्रियकावर आधारलेले चार नोड होते. एक प्रचंड यंत्र घेण्याऐवजी बाजारात मिळणारे अनेक प्रक्रियक जोडून एकच गणित त्यांच्यात विभागून सोडवावयाचे, हे या दोन्ही प्रकल्पांचे सूत्र होते.

नोड एकमेकांस जोडण्यासाठी जाळे लागते. त्याचीही पूर्वतयारी मुंबईच्या उपनगरांत होत होती. जुहू येथे १९८५ पासून स्वतंत्रपणे कार्य करू लागलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविज्ञान केंद्र आणि पवईची तंत्रविज्ञान संस्था यांच्यात १९८६-८७ च्या सुमारास दूरध्वनीच्या तारेवरून इलेक्ट्रॉनिय पत्रव्यवहार सुरू झाला. शैक्षणिक व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या ‘अर्नेट’ या जाळ्याच्या उभारणीत या दोन्ही संस्थांचा सहभाग होता. जुहूचे केंद्र पुढे २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाले. अमेरिकेत १९९४ मध्ये टॉमस स्टर्लिंग व डॉनल्ड बेकर यांनी साधे वैयक्तिक संगणक स्थानिक जाळ्याने जोडून ‘बेवुल्फ’ हा १६ नोडांचा समूह बनविला. त्यानंतर समूह उभारणे विद्यापीठातील एखाद्या विभागाच्याही आवाक्यात आले. ‘अनुपम’ मालिकेतही पुढे सर्वसाधारण प्रक्रियक व लिनक्स ही कार्यकारी प्रणाली वापरण्यात येऊ लागली.

कार्यपद्धती : समूहाच्या दर्शनी नोडवरून वापरणारा आपले काम दाखल करतो. किती नोड हवेत, किती स्मृती लागेल आणि काम जास्तीत जास्त किती वेळ चालेल, हे त्याने आगाऊ सांगावयाचे असते. कामांची रांग लावून त्यांना नोड नेमून देणाऱ्या आज्ञावलीस नियोजक प्रणाली म्हणतात. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या एम्स केंद्रात १९९१ मध्ये विकसित होऊ लागलेली ‘पीबीएस’ आणि लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २००२ च्या सुमारास सुरू झालेली ‘स्लर्म’ या प्रणाली प्रसिद्ध आहेत. गूगलने २०१४ मध्ये खुली केलेली ‘कुबर्नेटीस’ ही प्रणाली मुख्यत्वे अखंड चालणाऱ्या सेवांसाठी वापरतात.

आरक्षणाचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात : (१) स्थायी विभाजन : समूहाचे कायमचे भाग पाडून प्रत्येक भागात कोणास प्रवेश आहे, हे ठरविले जाते. अधिक स्मृतीचे किंवा आलेखी प्रक्रियक असलेले नोड अशा रीतीने वेगळे काढतात. (२) मुदतीचे आरक्षण : अमुक दिवशी अमुक वेळेपासून अमुक तासांपर्यंत ठराविक नोड एखाद्या गटास दिले जातात. प्रशिक्षणवर्ग, प्रात्यक्षिक वा तातडीचे गणित यांसाठी ते उपयोगी पडते. यंत्रांच्या देखभालीसाठीही असेच आरक्षण करतात; ती वेळ येण्यापूर्वी संपणार नाही असे कोणतेही काम मग त्या नोडांवर सुरू केले जात नाही. (३) खुणेचे आरक्षण : नोडवर एक खूण ठेवली जाते आणि ती खूण मान्य असल्याचे ज्या कामाने जाहीर केले असेल, त्यालाच त्या नोडवर जाता येते.

तिसऱ्या प्रकारात एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा लागतो. खुणेमुळे परक्यांना मज्जाव होतो. परंतु ज्यांच्यासाठी नोड राखला, ती कामे तेथेच जातील, असे मात्र होत नाही. ती इतरत्र मोकळ्या नोडवरही जाऊ शकतात. त्यासाठी ‘हे काम याच नोडवर चालवावे’ अशी दुसरी अट कामाला जोडावी लागते. म्हणजे आरक्षणाची दोन अंगे आहेत : इतरांस वगळणे व स्वतःच्यांस तेथे आणणे. पहिलेच अंग पाळले, तर राखीव नोड रिकामे राहून राखीव गटाची कामे सार्वजनिक नोडांवर गर्दी करतात व दोन्ही बाजूंनी हानी होते.

आरक्षणाची कारणे अनेक आहेत. ठराविक वेळेत उत्तर हवे असणे, माहितीची गुप्तता राखणे, मोजक्याच नोडांचा परवाना असलेली आज्ञावली वापरणे, शेजारील कामामुळे गतीत पडणारा फरक टाळणे ही त्यांपैकी प्रमुख होत. एखाद्या विभागाने समूहात स्वतःच्या पैशाने नोडांची भर घातली असेल, तर त्यांवर त्याचा अग्रहक्क असणेही रास्त मानतात.

आरक्षणाची किंमत : ही किंमत सोप्या हिशोबाने समजते. समजा, ६४ नोडांच्या समूहात १६ नोड एका विभागासाठी राखले आहेत आणि तो विभाग ते दिवसाकाठी सहाच तास वापरतो. उरलेल्या अठरा तासांत १६ × १८ = २८८ नोड-तास वाया जातात. संपूर्ण समूहाचे दिवसाचे नोड-तास ६४ × २४ = १,५३६ होतात. म्हणजे समूहाची सु. एकोणीस टक्के शक्ती कोणाच्याच उपयोगी पडत नाही. मात्र त्याच वेळी खुल्या रांगेत कामे खोळंबलेली असू शकतात.

ही हानी कमी करण्याची महत्त्वाची युक्ती म्हणजे फटी भरणे. अमेरिकेतील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत डेव्हिड लिफ्का यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ‘ईझी’ या नियोजक प्रणालीमुळे ती रूढ झाली. वरील समूहात सकाळी दहा वाजता ४० नोड कामात असून ते दुपारी दोन वाजता मोकळे होणार आहेत, असे मानू. रांगेतील पहिल्या कामास ४८ नोड हवे आहेत. २४ नोड मोकळे असूनही ते काम दोनपूर्वी सुरू होऊ शकत नाही. त्याच्यामागे २० नोडांचे तीन तासांचे काम असेल, तर ते एक वाजता संपेल. म्हणून ते ताबडतोब सुरू करता येते. तेच काम सहा तासांचे असेल, तर दोन वाजता केवळ ४४ नोड हाती राहतील व पहिल्या कामास विलंब होईल. म्हणून ते थांबविले जाते. सहा तासांचे काम १६ नोडांचेच असेल, तर मात्र ४८ नोड उरतात व त्यास परवानगी मिळते. या पद्धतीत पहिल्याचे वचन मोडत नाही आणि फटही भरली जाते. ती यशस्वी होणे मात्र वापरणाऱ्यांनी सांगितलेल्या वेळेच्या अचूकतेवर अवलंबून असते. सांगितलेली वेळ उलटली की प्रणाली काम मध्येच तोडते. या भीतीने बहुतेक जण वेळ वाढवून सांगतात आणि त्यामुळे लहानशा फटीत बसू शकणारे कामही मोठे दिसू लागते.

दुसरा उपाय म्हणजे राखीव नोड रिकामे असताना ते इतरांस तात्पुरते देणे व मूळ हक्कदार येताच परत घेणे. असे नोड वापरणाऱ्याने आपल्या गणिताची मधली स्थिती वेळोवेळी साठवून ठेवणे आवश्यक असते. अन्यथा अनेक तासांचे श्रम क्षणात वाया जातात.

काही उदाहरणे : हवामानाचा अंदाज हे आरक्षणाच्या समर्थनाचे सर्वांत बळकट उदाहरण होय. वादळ किनाऱ्यास लागल्यानंतर पूर्ण झालेले गणित निरुपयोगी ठरते. त्यामुळे दैनंदिन अंदाजाची गणिते ठरल्या वेळी सुरू होऊन ठरल्या वेळी संपलीच पाहिजेत. संशोधनाची कामे उरलेल्या शक्तीवर चालतात. पुण्याच्या भारतीय उष्ण प्रदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील ‘प्रत्यूष’ (२०१८) व त्यानंतरचा ‘अर्क’ (२०२४) हे महासंगणक हवामान व जलवायू या क्षेत्रांसाठीच उभारण्यात आले आहेत.

जुन्नर तालुक्यात खोडदजवळ असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकाच्या तीस आकाशकांकडून येणारे संकेत एकत्र करण्यासाठी संगणक-समूह वापरतात. निरीक्षण चालू असताना संकेत थांबवून ठेवता येत नाहीत. म्हणून असा समूह त्या एकाच कामास वाहिलेला असतो. दूरदर्शकाचा निरीक्षणकाल मात्र एक समिती सहा-सहा महिन्यांच्या आवर्तनाने, आलेल्या प्रस्तावांची छाननी करून वाटते. यंत्र राखीव, परंतु त्याचा लाभ कोणास द्यावयाचा हे उघड नियमांनी ठरते, हे येथील वैशिष्ट्य होय. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एक संगणक-समूह जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेच्या सीएमएस या प्रयोगासाठी जागतिक जाळ्याचा घटक म्हणून काम करतो. या जाळ्यातील केंद्रे दरवर्षी किती शक्ती देणार, याचे वचन आगाऊ नोंदवितात. हेही एक प्रकारचे आरक्षणच होय.

व्यापारी क्षेत्र : अंधेरी येथे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्रामुळे (सीप्झ) उपनगरांत संगणक-व्यवसायाचे पाऊल पडले. त्या काळी संगणकाची आयात खर्चाची व निर्बंधांची असल्याने यंत्राचे तास भाड्याने घेण्याची प्रथा होती. कालांतराने भाड्याची वस्तू बदलली. वेसाव्याच्या किनाऱ्यावर समुद्रतळातील केबली येऊन मिळाल्याने, तसेच वीजपुरवठा तुलनेने भरवशाचा असल्याने चांदिवली, पवई, विक्रोळी या परिसरात सर्व्हर ठेवण्याची मोठी केंद्रे उभी राहिली. ॲमेझॉन कंपनीने २०१६ मध्ये मुंबई परिसरातून आपली मेघसंगणन-सेवा सुरू केली. अशा सेवांमध्ये आरक्षणाचा दर उघड असतो : दीर्घ मुदतीचे वचन देणाऱ्यास सवलत, संपूर्ण यंत्र स्वतःपुरते हवे असल्यास जादा आकार आणि केव्हाही काढून घेतले जाईल अशा उरलेल्या शक्तीस अत्यल्प भाडे.

आरक्षण समान असले, तरी सेवा समान असेलच असे नाही, हे वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअरबाजाराच्या प्रकरणाने दाखवून दिले. दलालांनी आपले सर्व्हर बाजाराच्याच आवारात भाड्याच्या जागेत ठेवावेत, ही सुविधा तेथे २००९ मध्ये सुरू झाली. भावांची माहिती त्या वेळी प्रत्येक जोडणीस एकामागून एक अशी पाठविली जात असे. त्यामुळे कमी गर्दीच्या सर्व्हरशी प्रथम जोडणी करणाऱ्यास ती सेकंदाच्या सूक्ष्म अंशाने आधी मिळू शके. या संदर्भात २०१५ मध्ये तक्रारी झाल्या. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबी) एप्रिल २०१९ मध्ये बाजाराकडून ६२४.८९ कोटी रु. व त्यांवरील व्याज वसूल करण्याचा आदेश दिला. तथापि जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द ठरवून पुरेशी दक्षता न घेतल्याबद्दल १०० कोटी रु. भरावयास सांगितले. कायदेशीर बाजू काहीही असली, तरी तांत्रिक बोध स्पष्ट आहे : जागा राखून देताना तिच्यापर्यंत सेवा कोणत्या क्रमाने पोहोचेल, याचाही नियम करावा लागतो.

न्याय्य वाटप : नोड न राखताही न्याय साधण्याची एक पद्धत १९८८ मध्ये जे. के व पी. लॉडर यांनी मांडली. तीनुसार प्रत्येक गटाचा समूहातील वाटा ठरलेला असतो. ज्याने अलीकडे वाट्यापेक्षा अधिक वापर केला, त्याचा अग्रक्रम खाली येतो. ज्याने कमी केला, त्याचा वर जातो. जुना वापर काळानुसार विसरला जातो. या पद्धतीत कोणताही नोड रिकामा राहत नाही; परंतु अमुक वेळी उत्तर मिळेलच, असे वचनही कोणास मिळत नाही. म्हणून बहुतेक समूहांत वाट्याची ही पद्धत पायाभूत ठेवून तिच्यावर मर्यादित आरक्षणाची जोड देतात.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये ४,५०० कोटी रु. खर्चाचे राष्ट्रीय महासंगणन अभियान व मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटी रुपयांचे कृत्रिम बुद्धिमत्ता अभियान मंजूर केले. आलेखी प्रक्रियकांची मागणी पुरवठ्याहून अधिक असल्याने वाटपाचा प्रश्न पुन्हा तीव्र झाला आहे. मोठ्या संस्थेस आपले नोड राखून ठेवणे सुलभ असते; लहान महाविद्यालयातील संशोधकाच्या वाट्यास मात्र रांग येते. छिद्रित पत्रांच्या काळात रात्रीची पाळी कोणास मिळाली, हे खिडकीवरील वहीत कोणासही वाचता येत असे. आजचे नियम आज्ञावलीत असल्याने ते मुद्दाम प्रसिद्ध करावे लागतात. प्रत्येक आरक्षणास नमूद हेतू व समाप्तीची तारीख असावी, ते रिकामे असताना नोड आपोआप इतरांस मिळावेत आणि राखीव नोडांचा प्रत्यक्ष वापर किती झाला, हे सर्वांना पाहता यावे, एवढी पथ्ये पाळल्यास आरक्षण हे मक्तेदारीचे साधन न होता सामायिक यंत्राच्या विश्वासार्हतेचे साधन ठरते. [⟶ महासंगणक, संगणक].